३० पिकोसेकंदाचा भाग ट्रॅपचा की बायएक्साइटॉनचा? आधी एका डॉटमध्ये किती एक्साइटॉन पडले ते मोज

तुझा प्रश्न बाकीच्यांनाही कळू दे म्हणून आधी थोडक्यात सांगतो. खानापूरची पोरगी, एमेस्सी बेळगावात झाली, आता धारवाडकडं पीएचडी. कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण, स्वतः बनवलेत, टोल्युइनमध्ये आहेत. प्रकाश शोषला की डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उठल्यावर मागं उरलेली रिकामी जागा) अशी जोडी होते, तिला एक्साइटॉन म्हणतात. पहिलं एक्साइटॉन शिखर ५८० नॅनोमीटरला, तिथं ओडी (शोषणाचं माप) ०.३, क्युव्हेट (सॅम्पलची डबी) १ मिलिमीटरचा. लांबच्या एका लॅबमध्ये लेझरचा स्लॉट मिळाला, तिथं ४०० नॅनोमीटरचा पंप (उत्तेजित करणारा पल्स) मारून ५८० च्या ब्लीचचा, म्हणजे उत्तेजित डॉटमुळं घटलेल्या शोषणाचा, डिके (वेळेबरोबर ओसरणं) घेतला, पल्स १०० नॅनोज्यूलचा, स्पॉट ३०० मायक्रॉन, सॅम्पल ढवळलेला नाही. फिट केल्यावर ४० टक्के भाग ३० पिकोसेकंदात जातोय आणि उरलेला नॅनोसेकंदांपर्यंत रेंगाळतोय. गाईड म्हणतात सर्फेस ट्रॅप (डॉटच्या पृष्ठभागावरच्या दोषात इलेक्ट्रॉन किंवा होल अडकणं), सिनियर म्हणते बायएक्साइटॉन (एकाच डॉटमध्ये दोन एक्साइटॉन), आणि तू विचारलंयस की पुढच्या स्लॉटला काय मोजू आणि तोवर पावसात घरी बसून काय करू.

मी मूळचा निपाणीकडचा, पंप-प्रोबवर (पंप उत्तेजित करतो, प्रोब हा दुसरा पल्स थोड्या उशिरानं येऊन मोजतो) बरीच वर्षं काम करतोय, आणि आपल्या भागातनं कुणी हा प्रश्न इतक्या नीट आकड्यांसकट विचारतंय हे बघून खरंच बरं वाटलं. एवढे आकडे दिलेस म्हणूनच उत्तर देता येतंय. सरळ सांगतो, तुझ्या आकड्यांवर दोघांपैकी कुणाच्याही एकट्याच्या म्हणण्यात ४० टक्के बसत नाहीत. बायएक्साइटॉन आहेच, पण त्याच्या वाट्याला फार तर १२ ते २० टक्के येतात, उरलेला हिस्सा दुसऱ्या कशाचा तरी आहे आणि तो कशाचा हे ओळखायच्या दोन सोप्या कसोट्या आहेत ज्या तू अजून घेतलेल्या नाहीस.

पहिल्यांदा ३० पिकोसेकंद हा आकडा बघू. ५८० नॅनोमीटरला शिखर म्हणजे डॉटचा व्यास साधारण ३.८ नॅनोमीटर. लॉस अलामोसमध्ये व्हिक्टर क्लिमोव्ह यांच्या गटानं २००० मध्ये दाखवलं की कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटमध्ये दोन एक्साइटॉन एकत्र असले की ते ऑजे प्रक्रियेनं फार लवकर संपतात, एक जोडी विझते आणि तिची ऊर्जा प्रकाश न होता दुसऱ्या जोडीला जाते, आणि हा वेळ डॉटच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतो. त्यांच्या डॉटची त्रिज्या १.२ ते ४.१ नॅनोमीटर होती आणि बायएक्साइटॉनचं आयुष्य ६ पिकोसेकंदापासनं साडेतीनशेच्या आसपास गेलं. तुझी त्रिज्या १.९, तिथं ३० च्या घरातला आकडा अगदी शोभतोय. म्हणजे सिनियरचं म्हणणं हवेतलं नाही. पण वेळ जुळला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही गं, ट्रॅपिंगला पण ३० पिकोसेकंद लागू शकतात, त्याला कोण अडवणार. वेळ हा पुरावा म्हणून कच्चा आहे, खरा पुरावा अॅम्प्लिट्यूडमध्ये, म्हणजे त्या भागाचा वाटा किती यात, असतो, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं फिटच्या टेबलात टाऊची (वेळेची) कॉलम बघतात आणि अॅम्प्लिट्यूडची कॉलम तशीच सोडून देतात.

कूलिंगचा, म्हणजे एक्साइटॉन जादा ऊर्जा टाकून खाली येण्याचा, संशय मात्र काढून टाक. ४०० नॅनोमीटरचा फोटॉन ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तुझं शिखर २.१४ चं, म्हणजे जवळपास १ इलेक्ट्रॉनव्होल्ट जादा ऊर्जा घेऊन एक्साइटॉन जन्माला येतो. एकेकाळी असं वाटायचं की डॉटमध्ये पातळ्या इतक्या लांब-लांब असतात आणि फोनॉन (स्फटिकाच्या कंपनाचा एक घास) इतका लहान, जेमतेम २६ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, की इलेक्ट्रॉन वरच अडकून बसेल. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा होलला देऊन टाकतो आणि होलच्या पातळ्या दाट असल्यामुळं तो भराभर खाली येतो, सगळं १ पिकोसेकंदाच्या आत उरकतं. तुझ्या ट्रेसमध्ये ते ब्लीच चढण्यात दिसेल, उतरण्यात नाही.

आता हिशोब, इथं जरा सावकाश वाच. १०० नॅनोज्यूल म्हणजे किरकोळ वाटतंय, पण ४०० नॅनोमीटरचे ते २० हजार कोटी फोटॉन झाले. ३०० मायक्रॉनच्या स्पॉटवर पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २८० लाख कोटी. तुझ्या आकाराच्या डॉटचा ४०० नॅनोमीटरला शोषणाचा क्रॉस सेक्शन (एक डॉट फोटॉनसाठी किती क्षेत्रफळाचा दिसतो ते) १० चा उणे १५ वा घात गुणिले साधारण २ चौरस सेंटिमीटर धर. गुणाकार केला की दर डॉटमागं सरासरी ०.५७ फोटॉन. सरासरी एकच्या खाली आहे म्हणून एका डॉटला एकच, असं समजू नकोस, फोटॉन पॉयसाँ वितरणानं, म्हणजे योगायोगानं कुठं शून्य, कुठं एक, कुठं दोन असे, पडतात. ०.५७ ला जवळपास ५७ टक्के डॉट रिकामे, ३२ टक्क्यांत एक आणि ११ टक्क्यांत दोन किंवा जास्त. म्हणजे उत्तेजित झालेल्या डॉटपैकी चौथा हिस्सा बायएक्साइटॉनवाला! सिनियर इथंच थांबली असणार असं मला वाटतं.

पण क्युव्हेटला खोली आहे. तू ५८० ला ओडी ०.३ ठेवलास, चांगलं केलंस, पण ४०० ला तुझे डॉट त्याच्या तीन-चार पट शोषतात, म्हणजे तिथं ओडी १ च्या आसपास. पुढच्या भिंतीला ०.५७ पडतात तर मागच्या भिंतीला ०.०५७, एकाच क्युव्हेटमध्ये दोन वेगवेगळे प्रयोग चाललेत. पूर्ण खोलीवर बेरीज केली, आणि दोन इलेक्ट्रॉन १एस, म्हणजे सगळ्यात खालची, पातळी पूर्ण भरतात, एक अर्धी भरतो एवढं साधं मॉडेल धरलं, तर सुरुवातीच्या ब्लीचपैकी बायएक्साइटॉनचा वाटा १२ ते १३ टक्के येतो. स्पॉटचा आकडा गाऊसियनचा (मध्ये प्रखर, कडेला मंद अशा बीमचा) पूर्ण व्यास असेल आणि प्रोब अगदी मधोमध बारीक असेल तर मध्यावरचा फ्लुएन्स (दर क्षेत्रफळामागचे फोटॉन) दुप्पट धरायला लागतो, तेव्हा वाटा २० टक्क्यांपर्यंत जातो. ४० काही केल्या होत नाही. म्हणून स्पॉट कसा मोजला हे आधी कळव, ब्लेड सरकवून मोजला की कॅमेऱ्यानं की कार्डावर डोळ्यानं बघून, कारण व्यासात जराशी चूक असली तरी क्षेत्रफळात ती वर्गानं वाढते. पंपचा स्पॉट प्रोबच्या निदान दुप्पट-तिप्पट असला पाहिजे, नाहीतर प्रोबच्या कडेला वेगळा फ्लुएन्स दिसतो आणि वरचा सगळा हिशोब विस्कटतो.

गाईडच्या ट्रॅपबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव जी त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल. कॅडमियम सेलेनाइडमध्ये १एस ब्लीच हा जवळपास सगळा इलेक्ट्रॉनचा सिग्नल आहे, होल दाट पातळ्यांवर पसरतो त्यामुळं त्याचा ब्लीच फारसा दिसत नाही. होल ट्रॅपमध्ये गेला तर पीएल (डॉटनं परत सोडलेला प्रकाश) मरतो पण तुझा ब्लीच जागचा हलत नाही. म्हणजे ३० पिकोसेकंदाचा भाग ट्रॅपचा म्हणायचा असेल तर तो इलेक्ट्रॉनचा ट्रॅप असला पाहिजे, नुसतं सर्फेस ट्रॅप म्हणून भागत नाही. यासाठी त्याच सॅम्पलचा पीएल डिके घे. एकेक फोटॉन मोजणाऱ्या काऊंटिंगच्या मशीनला ३० पिकोसेकंद बहुधा नीट दिसणार नाहीत, पण नॅनोसेकंदाचा भाग आणि क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती परत प्रकाश होऊन आले) तर मिळेल. चांगल्या डॉटचं आयुष्य २० नॅनोसेकंदाच्या आसपास असतं. यील्ड ५ टक्के आणि ब्लीच मात्र नॅनोसेकंदांपर्यंत टिकलेला असं निघालं तर होल ट्रॅप होतायत, आणि ती वेगळी माहिती आहे, या ३० शी तिचा थेट संबंध नाही.

तिसरा संशयित तुम्हा तिघांच्याही बोलण्यात आला नाही, फोटोचार्जिंग. सॅम्पल ढवळला नाहीस असं लिहिलंयस, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. १ किलोहर्ट्झचा लेझर म्हणजे त्याच जागच्या त्याच डॉटवर सेकंदाला हजार पल्स (एकाआड एक पल्स अडवणारा चॉपर लावला की पाचशे). एखाद्या पल्सला एखादा इलेक्ट्रॉन डॉटबाहेर किंवा पृष्ठभागावर जाऊन बसला तर तो परत यायला सेकंद, कधी मिनिटं लागतात, तोवर पुढचे पल्स येऊन त्या चार्ज झालेल्या डॉटलाच मारतात. आता त्याच्यात एकच एक्साइटॉन पडला तरी तिघांची गाठ झाली, ट्रायॉन, आणि तो पण ऑजेनं झटकन संपतो. फिटमध्ये तो हुबेहूब वेगवान भागासारखा दिसतो. साधारण हिशोबानं ट्रायॉनचं आयुष्य बायएक्साइटॉनच्या चौपट येतं, म्हणजे तुझ्या डॉटला १२० पिकोसेकंदाच्या आसपास. दोन एक्स्पोनेन्शियलनं (ठरावीक वेगानं ओसरणाऱ्या दोन वक्रांनी) फिट केलंस तर ३० आणि १२० मिसळून एकच मधला आकडा मिळतो आणि कुणाला काही संशय येत नाही. तुझ्या फिटचे रेसिड्युअल (डेटा आणि फिटमधला फरक) ५० ते ३०० पिकोसेकंदात बघ, लाट दिसतेय का. पण लाट दिसली म्हणून तिसरा-चौथा एक्स्पोनेन्शियल टाकू नकोस, तीन-चार टाकले की कशालाही फिट बसतं.

हे मी उगाच ताणत नाहीय. २००४ मध्ये लेड सेलेनाइडच्या डॉटमध्ये एका फोटॉनपासनं एकाहून जास्त एक्साइटॉन निघतात असा निकाल आला आणि सोलर सेलवाल्यांत मोठी खळबळ उडाली, पुरावा काय तर कमी पॉवरलाही दिसणारा हाच वेगवान भाग. पुढं वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळेनात, आणि ढवळलेल्या-न ढवळलेल्या सॅम्पलची तुलना झाल्यावर काही सॅम्पलमध्ये फरकाचा मोठा वाटा चार्जिंगचा निघाला. परिणाम खोटा ठरला नाही, पण आकडे खाली आले. जगातल्या उत्तम लॅबमध्ये हा घोळ झाला, तेव्हा एक छोटा मॅग्नेट आणि स्टिरर लावायला आपण कंटाळा करायचा नाही. १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये मॅग्नेट मावत नसेल तर २ मिलिमीटरचा घे आणि सॅम्पल निम्मा पातळ कर, किंवा छोट्या पंपानं सॅम्पल फिरवत ठेव.

मग पुढच्या स्लॉटला काय करायचं. सगळ्यात आधी पॉवर खाली आण, २० नॅनोज्यूल. तिथं बायएक्साइटॉनचा वाटा माझ्या हिशोबानं ३ टक्क्यांच्या आसपास उरतो. सिग्नल दिसणार नाही म्हणून घाबरू नको, तुझ्या ओडीला तो अजून ६ मिली-ओडीच्या आसपास येईल आणि बऱ्यापैकी सेटअपचा नॉइज त्याच्या कितीतरी खाली असतो, फक्त अॅव्हरेजिंग जास्त वेळ कर. २० ला पण वेगवान भाग २०-२५ टक्के उरला तर तो पॉवरवर अवलंबून नाही, म्हणजे गाईडचा इलेक्ट्रॉन ट्रॅप, किंवा अजून शिल्लक असलेलं चार्जिंग. त्या दोघांना वेगळं करायला तोच ट्रेस ढवळून आणि न ढवळता, एकापाठोपाठ घे. ढवळल्यावर कमी झाला तर चार्जिंग, जसाच्या तसा राहिला तर ट्रॅप. या दोन ट्रेसमध्ये तुझ्या अर्ध्या वादाचा निकाल लागतो, स्लॉटचा पहिला तास यालाच दे.

मग ५ ते २०० नॅनोज्यूलपर्यंत सात-आठ पॉवर घे, चढत्या क्रमानं नको, मिसळून घे, आणि शेवटी परत पहिली पॉवर घेऊन बघ सॅम्पल तोच आहे का. प्रत्येक ट्रेसचा १ नॅनोसेकंदाचा सिग्नल काढ. एवढ्या उशिरा सगळे जादा एक्साइटॉन संपलेले असतात, प्रत्येक उत्तेजित डॉटमध्ये एकच उरतो, म्हणून हा सिग्नल किती डॉटवर निदान एक फोटॉन पडला एवढंच सांगतो. पॉवर वाढवली की तो सपाट होत जातो, आणि त्या वक्राला पॉयसाँनं फिट केलं की क्रॉस सेक्शन तुझ्याच डेटातनं मिळतो. माझा वर धरलेला २ चा आकडा विसर, तुझा स्वतःचा वापर. त्यानंतर सगळे ट्रेस या उशिराच्या भागावर नॉर्मलाइझ कर, म्हणजे तिथं सगळ्यांची उंची सारखी कर, आणि सगळ्यात कमी पॉवरचा ट्रेस बाकीच्यांतनं वजा कर. जे उरतं तो मल्टीएक्साइटॉनचा शुद्ध डिके. मध्यम पॉवरला तो एकाच एक्स्पोनेन्शियलचा आणि ३० च्या घरात निघाला तर सिनियरला पेढा, आणि वजा केलेल्या ट्रेसमध्ये जे वेगवान राहिलं त्यावर गाईडशी बोल. हा प्लॉट घेऊन गेलीस की कोण चूक कोण बरोबर असं काही बोलायचीच गरज पडत नाही.

डिले स्टेजबद्दल (आरसे सरकवून दोन पल्समधला वेळ बदलणारा सरकता पाट) तू विचारलंयस की ३० पिकोसेकंद हा स्टेजचा दोष असू शकतो का. प्रकाश १ पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो, स्टेजवर तो जाऊन-येऊन असतो म्हणून स्टेज ०.१५ सरकते. ३० पिकोसेकंदाला स्टेज साडेचार मिलिमीटरच हलली, तेवढ्यात बीम ढळणं अवघड आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात लेथवर जॉब सेट करणाऱ्याच्या डायल गेजचा एक भाग ०.०१ मिलिमीटरचा असतो, आपल्या स्टेजवर तो एक भाग म्हणजे ६७ फेम्टोसेकंद, तेव्हा ज्या अचूकतेची आपण बात करतोय ती आपल्या गावच्या कामगाराच्या रोजच्या हातातली आहे. दोष येतो तो लांबच्या टोकाला. १ नॅनोसेकंदाला स्टेज १५० मिलिमीटर गेलेली असते, तिथं बीम सॅम्पलवर २०-३० मायक्रॉन जरी सरकला तरी सिग्नल पडतो आणि तुझा रेंगाळणारा भाग खोटा होतो, आणि वर सांगितलेलं सगळं नॉर्मलायझेशन त्याच भागावर उभं आहे. म्हणून सॅम्पलच्या जागी पिनहोल किंवा कॅमेरा ठेव, स्टेज या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालव, आणि ते झाल्याशिवाय एकही ट्रेस घेऊ नको. ऑपरेटर म्हणेल काल केलंय, तरी करायला लाव.

प्रोबच्या व्हाइट लाइटच्या चर्पचं (वेगवेगळे रंग थोडे मागंपुढं पोचण्याचं) फार टेन्शन घेऊ नको, लाल आधी येतो आणि निळा मागनं, पण फरक १ पिकोसेकंदाच्या आसपास, तुझ्या प्रश्नाला त्यानं काही होत नाही. नुसत्या टोल्युइनचा एक ट्रेस घेऊन ठेव, नंतर दुरुस्ती करता येते.

आता घरी बसून. लॅपटॉप आहे ना, खानापुरात लाईट राहिली तेवढ्या वेळात पायथनमध्ये वरचा हिशोब स्वतः उभा कर. क्युव्हेटचे शंभर थर कर, प्रत्येक थराला फ्लुएन्स काढ, पॉयसाँ लाव, एकाला ब्लीच १, दोन आणि वर २, बेरीज कर. माझे १२-१३ टक्के येतात का बघ. मग त्यात १० टक्के चार्ज झालेले डॉट टाक, मग १० टक्के ट्रॅपवाले टाक, थोडा नॉइज घाल, आणि त्या बनवलेल्या डेटाला तू जसं फिट केलंस तसंच फिट कर. आत काय घातलंय हे माहीत असताना फिट काय सांगतोय हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की टेबलातल्या टाऊवर किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळेल. पावसाळ्यातलं याहून चांगलं काम मला सुचत नाही.

आणि सॅम्पल नेताना जप. बसमधनं बॅगेत ऑक्सिजन लागलेली, उजेडात उघडी पडलेली व्हायल घेऊन गेलीस तर तिथं वेगळाच सॅम्पल मोजशील. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून सील कर, फॉइल गुंडाळ, निघताना अॅब्सॉर्प्शन आणि पीएल घे, पोचल्यावर घे, आणि लेझरखालनं काढल्यावर परत घे. शिखर २-३ नॅनोमीटर निळ्याकडं सरकलं असेल तर डॉट वरनं खाल्ला गेलाय, तो डेटा बाजूला ठेव. शक्य असेल तर त्याच बॅचमधनं ४.८ नॅनोमीटरचा एक मोठा डॉट पण बनवून ने. आकारमान दुप्पट होतं, म्हणून बायएक्साइटॉन असेल तर ३० चे ६० झाले पाहिजेत, ट्रॅपला असं काही बंधन नाही.

स्लॉट झाला की प्लॉट पाठव. आडव्या अक्षावर नॅनोज्यूल नको, दर डॉटमागचे सरासरी एक्साइटॉन टाक, आणि ढवळलेला-न ढवळलेला दोन्ही एकाच चित्रात.